वॉशिंग्टनमधला १९८५चा उन्हाळा : ‘इमो’च्या पहिल्या आवाजाची गोष्ट

फेब्रुवारी १९८५. अमेरिकेच्या राजधानीला लागून, पोटोमॅक नदीच्या पलीकडे आर्लिंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या तळघरात डॉन झिएन्टारा या ध्वनिमुद्रकानं ‘इनर इअर’ नावाचा स्टुडिओ थाटला होता. त्या महिन्यात चार पोरं तिथे गाणी मुद्रित करायला आली. गी पिचोटो गाणार आणि गिटार वाजवणार, एडी जॅनी दुसऱ्या गिटारवर, माइक फेलोज बेसवर आणि ब्रेंडन कॅन्टी ड्रमवर. सगळे विशीच्या उंबरठ्यावरचे. बँडचं नाव ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’, स्ट्राविन्स्कीच्या १९१३ सालच्या गाजलेल्या बॅलेवरून घेतलेलं. ध्वनिमुद्रणाची सूत्रं इयन मॅकाय या त्यांच्याच मित्राकडे होती. बारा गाण्यांची ही तबकडी त्याच वर्षी निघाली आणि पुढे ‘इमो’ या नावानं जगभर पसरलेल्या संगीताचं मूळ म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं जाऊ लागलं.

आपल्याकडे ‘इमो’ म्हटलं की बहुतेकांना २००० नंतरची मुलं आठवतात. डोळ्यांवर आलेले केस, काळे कपडे, उदास गाणी. पण मूळचा आवाज त्या पोशाखाच्या पंधरावीस वर्षं आधीचा आहे आणि त्याचा पोशाखाशी काडीचाही संबंध नाही. तो आवाज एका शहरातल्या तीस-चाळीस मित्रमैत्रिणींनी घेतलेल्या निर्णयातून आला. आपणच उभं केलेलं संगीत मारामारीच्या हाती गेलंय, तर ते वाजवायची पद्धतच बदलू या, असा तो निर्णय होता. राइट्स ऑफ स्प्रिंगच्या वादनातली जवळजवळ प्रत्येक वेगळी गोष्ट या पार्श्वभूमीवर ऐकली की उलगडते, म्हणून आधी थोडं मागे जायला हवं.

वॉशिंग्टन हे संगीताच्या धंद्याचं शहर नव्हे. रेकॉर्ड कंपन्या न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये. इथे सरकारी नोकर, वकील, पत्रकार आणि त्यांची मुलं. इयन मॅकायचे वडील ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये धर्मविषयक पत्रकारिता करत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधून पंक संगीताच्या तबकड्या आल्या आणि या मुलांना गिटार हाती घ्यावीशी वाटली. पण खरा धक्का त्यांना घरच्याच एका बँडनं दिला. बॅड ब्रेन्स हे चार कृष्णवर्णीय वादक. त्यांची सुरुवात जॅझ-फ्यूजनपासून झालेली, त्यामुळे हात तयार होते. पंकमध्ये आल्यावर त्यांनी ते इतक्या वेगानं आणि इतक्या नेमकेपणानं वाजवायला सुरुवात केली, की ऐकणाऱ्या शाळकरी पोरांची झोप उडाली. १९८०मध्ये त्यांचं ‘पे टू कम’ निघालं. दीड मिनिटाच्याही आत संपणारं ते गाणं वॉशिंग्टनच्या पोरांसाठी बाराखडी ठरलं. अमेरिकेत ‘हार्डकोअर’ म्हणून जे ओळखलं जाऊ लागलं त्यात वॉशिंग्टनचा वेग हा असा बॅड ब्रेन्सकडून आलेला आहे. हे श्रेय त्यांना ठळकपणे दिलं पाहिजे, कारण नंतरच्या गोऱ्या बँडच्या गोष्टी सांगताना ते अनेकदा निसटतं.

मॅकाय आणि त्याचा मित्र जेफ नेल्सन यांच्या ‘टीन आयडल्स’ या बँडनं वर्षभर कार्यक्रम केले आणि मिळालेले पैसे वाटून न घेता एका डब्यात साठवले. १९८०च्या अखेरीस बँड मोडला तेव्हा त्या डब्यात सहाशे डॉलरच्या आसपास रक्कम होती. ती वाटून घ्यायची की एक तबकडी काढायची? त्यांनी तबकडी काढली आणि त्यासाठी ‘डिस्कॉर्ड’ नावाची स्वतःची कंपनी सुरू केली. आवरण कसं करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी घरातल्या एका छोट्या तबकडीचं आवरण चिकटवलेल्या कडांवरून अलगद सोडवलं, सपाट केलं, कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढली आणि तसा कागद छापून आणला. मग मित्रमंडळी बसून तो कात्रीनं कापायची, घडी घालायची आणि गोंदानं चिकटवायची. सुरुवातीच्या तबकड्यांची हजारो आवरणं अशी हातानं झाली आहेत.

त्याच बँडनं कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर एक गोष्ट पाहिली होती. दारू विकणाऱ्या जागांमध्ये अल्पवयीन मुलांना आत सोडायचं, पण हातावर मोठी फुली मारायची, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही. वॉशिंग्टनला परतल्यावर त्यांनी हाच उपाय इथल्या क्लबना सुचवला. वयाच्या अटीमुळे आपल्याच मित्रांचा कार्यक्रम पाहता न येणाऱ्या मुलांसाठी ती फुली म्हणजे प्रवेशपत्र झाली. पुढे मॅकायच्या ‘मायनर थ्रेट’ या बँडनं १९८१मध्ये दारू आणि अमली पदार्थांपासून दूर राहण्यावर ‘स्ट्रेट एज’ हे गाणं केलं. अवघं ४६ सेकंदांचं. त्यावरून एक मोठी चळवळच उभी राहिली. मायनर थ्रेटच्या पहिल्या तबकडीत आठ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून साधारण नऊ मिनिटांत संपतात.

हा वेग आणि ही त्रोटकता सुरुवातीला मोकळं करणारी होती. सोलो नको, सजावट नको, जे म्हणायचंय ते ओरडून म्हणा आणि पुढचं गाणं घ्या. पण साचा तयार झाला की तो कोणालाही उचलता येतो. १९८२-८३पर्यंत हार्डकोअर अमेरिकाभर पसरलं आणि कार्यक्रमांना येणारी गर्दी बदलली. मंचासमोर एकमेकांना धडका देत नाचायची पद्धत आधीपासून होती, पण त्यात एक प्रकारची काळजीही होती. पडलेल्याला उठवायचं हा नियम होता. आता निव्वळ मारामारी करायला येणारे टगे वाढले. डोकी तासलेले स्किनहेड आले, त्यांच्यातल्या काहींच्या तोंडी वंशद्वेष आला. मुली मागे सरकल्या, मग यायच्याच बंद झाल्या. ज्यांनी हे सगळं उभं केलं होतं ती मुलं आपल्याच कार्यक्रमांत भिंतीला टेकून उभी राहू लागली. १९८३मध्ये मायनर थ्रेट मोडला. त्याच वर्षी इयनचा धाकटा भाऊ अॅलेक मॅकाय याचा ‘फेथ’ हा बँडही संपला.

जाताजाता फेथनं मात्र एक वाट दाखवून ठेवली होती. त्यांची ‘सब्जेक्ट टू चेंज’ ही शेवटची छोटी तबकडी १९८३ची. तिच्यात मायकेल हॅम्पटनच्या जोडीला दुसरा गिटारवादक आला आणि दोन गिटार वेगवेगळ्या वाजू लागल्या. वेग हार्डकोअरचाच, पण आत सुरावट दिसायला लागली. तो दुसरा गिटारवादक म्हणजे एडी जॅनी. माझ्या मते राइट्स ऑफ स्प्रिंगच्या आवाजाचं बी इथे आहे, आणि जॅनीचं नाव त्या मानानं फारच कमी घेतलं जातं.

१९८४च्या वसंतात जॅनीला पिचोटो, फेलोज आणि कॅन्टी मिळाले. हे तिघं आधी ‘इन्सरेक्शन’ नावाच्या एका अल्पजीवी बँडमध्ये एकत्र होते. तो बँड त्यांना स्वतःलाच फारसा आवडला नव्हता. नव्या बँडमध्ये मात्र कोणालाही काहीही सिद्ध करायचं नव्हतं. गर्दी पांगली होती, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं, आणि आपल्या ओळखीच्या माणसांना काय ऐकवावं एवढाच प्रश्न होता.

आता त्यांच्या वादनाकडे नीट पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही तबकडी गोंगाट वाटते. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला मात्र गोंगाटाच्या आत ऐकायची सवय असते. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाहुणा आला की त्याला फक्त खडखडाट ऐकू येतो, पण तिथे रोज उभा राहणारा कामगार पाठ फिरवून बसला असला तरी कुठला माग वेगळा वाजतोय हे त्याला कळतं. राइट्स ऑफ स्प्रिंग तसं ऐकावं लागतं. एकेक वाद्य वेगळं धरून.

ड्रमपासून सुरुवात करू. हार्डकोअरचा ठेका हा सरळ, दुपदरी आणि न थकता पळणारा. गाणं सुरू झालं की तो सुरू होतो आणि गाण्याबरोबर संपतो. ब्रेंडन कॅन्टी या ठेक्यात वाढलेला होता, पण तो त्याला मध्येच सोडून देतो. गाणं भरधाव असताना अचानक हात आवरतो, एखादं आवर्तन फक्त गिटारला मोकळं ठेवतो आणि मग मोठ्या ढोलांवरून उतरत पुन्हा लय पकडतो. त्याचे भराव ओळ संपल्याची खूण म्हणून येत नाहीत. गायकाचा आवाज जिथे चढतो तिथे ते येतात. जणू तोही गातो आहे. या थांबण्या-सुटण्यामुळे गाण्याला श्वास मिळाला. हार्डकोअरमध्ये वेग हा स्थिर होता. इथे तो कमीजास्त व्हायला लागला, आणि भावना दिसतात त्या या बदलांत.

बेस हे वाद्य पंकमध्ये बहुतेक वेळा गिटारच्या मूळ स्वराला चिकटून चालतं. गिटार जिथे, बेस तिथे. माइक फेलोज तसं करत नाही. त्याचा बेस स्वतःची चाल गुणगुणत फिरतो, वरच्या पडद्यांवर जातो, गिटार खाली उतरली की वर चढतो. ‘फॉर वॉन्ट ऑफ’ ऐकताना एकदा सगळं सोडून फक्त बेस ऐकून पाहावा. त्या गाण्याचं दुःख शब्दांत आहेच, पण ते वाहून नेण्याचं काम बेसही करतो.

गिटारमध्ये सगळ्यात मोठा फरक पडला. हार्डकोअरची गिटार म्हणजे दोन-तीन तारा घट्ट दाबून वाजवलेल्या जाड, बुटक्या कॉर्ड. एकामागून एक हातोड्यासारख्या पडणाऱ्या. जॅनी आणि पिचोटो यांनी त्यातला आघात ठेवला, पण तारा मोकळ्या सोडल्या. एक तार दाबून सूर फिरत असतो आणि शेजारची मोकळी तार त्याच्याबरोबर झंकारत राहते. त्यामुळे आवाजाला कडा राहत नाही, तो सांडत जातो. एक गिटार कॉर्ड धरते आणि दुसरी त्यावरून छोटी, साधी, पण लक्षात राहणारी सुरावट काढते. मग दोघंही एकदम कॉर्डवर येतात आणि आवाज दुप्पट होतो. हळू आणि मोठ्या आवाजातला हा चढउतार नव्वदच्या दशकात रॉक संगीतात सर्रास वापरला गेला. १९८५मध्ये हार्डकोअरच्या घरात तो नवीन होता. ‘ड्रिंक डीप’सारखं गाणं तर वेगही सोडून देतं, आणि ‘एंड ऑन एंड’ सात मिनिटांहून लांब चालतं. सात मिनिटं! ४६ सेकंदांत सगळं सांगून मोकळ्या होणाऱ्या गावात चारच वर्षांनी कोणी इतकं लांब गाणं करतो, एकच आकृती पुन्हा पुन्हा घोळवतो आणि ऐकणारेही थांबतात, यावरून केवढा पल्ला गाठला गेला ते समजावं.

आणि आवाज. पिचोटोचा गळा घोगरा आणि उंच आहे. तो ओरडतो, पण त्याच्या ओरडण्यात समोरच्यावर हल्ला नाही. ओळीच्या शेवटी आवाज फाटतो आणि तो तसाच ठेवला जातो, सुधारला जात नाही. काही ठिकाणी गाणं आणि हुंदका यांच्यातली सीमा सापडत नाही. गाण्यांचे विषयही बदलले. हार्डकोअर ‘तुम्ही’ला उद्देशून होतं: तुम्ही पोलीस, तुम्ही दारुडे, तुम्ही ढोंगी. इथे ‘मी’ आला. गेलेला काळ, धरून ठेवता न आलेली माणसं, आपल्याच मनाशी चाललेला झगडा. एका गाण्याचं नाव ‘हेन्स पॉइंट’ आहे. ही वॉशिंग्टनमधली, जिथे नद्या मिळतात ती जागा. गावातली पोरं संध्याकाळी जातात तसलीच. म्हणजे गाण्याचा भूगोलही घरचाच होता.

हे सगळं तळघरातल्या स्टुडिओत थोड्या वेळात, थोड्या पैशांत झालं. झिएन्टाराची हातोटी अशी, की तो वादकांना अडवत नसे. तबकडीत वाद्यं एकमेकांवर सांडतात, कुठे आवाज फुटतो, कुठे गायकाचे शब्द मागे जातात. एखाद्या मोठ्या स्टुडिओत हे साफ केलं गेलं असतं, आणि तसं झालं असतं तर मोठंच नुकसान झालं असतं.

मंचावर हा बँड आणखी वेगळा होता. ते वाद्यं बडवत, आपटत, जमिनीवर पडत. कार्यक्रम संपेपर्यंत एखादी गिटार मोडलेली असे, अँप बंद पडलेला असे. नवीन घ्यायला पैसे नसत, दुरुस्तीला वेळ लागे, आणि त्यामुळे कार्यक्रमही मोजकेच झाले. बँडच्या सगळ्या आयुष्यात विसाच्या आतच. कधी मंचावर फुलं पसरलेली असत. समोर उभे असलेले लोक रडत असत, हे अनेकांनी सांगितलं आहे. मार्क अँडरसन आणि मार्क जेन्किन्स यांच्या ‘डान्स ऑफ डेज’ या २००१ सालच्या पुस्तकात वॉशिंग्टनच्या या काळाचं तपशीलवार वर्णन आहे. ते वाचताना लक्षात येतं, की तिथल्या अनेकांसाठी हे कार्यक्रम म्हणजे वर्ष-दोन वर्षांच्या घुसमटीनंतरचा मोकळा श्वास होता. वाद्यांची मोडतोड होत होती, पण माणसाला इजा होत नव्हती. मारामारी करायला येणाऱ्याला या संगीतात हात चालवायला जागाच सापडत नसे. लय मध्येच थांबते, गायक गुडघ्यावर आहे आणि शेजारचा डोळे पुसतोय. अशा ठिकाणी धक्काबुक्की कोणाशी करणार?

१९८५मध्ये उन्हाळ्याआधी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातल्या एका कार्यालयातून काही जणांना निनावी पत्रं आली. ‘नेबरहुड प्लॅनिंग कौन्सिल’ हा शहर सरकारचा तरुणांसाठीचा उपक्रम, आणि तिथे काम करणारी एमी पिकरिंग ही याच मित्रमंडळातली. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं कापून, चिकटवून ही पत्रं केली होती. त्यांचा आशय असा, की सावध राहा, हा उन्हाळा क्रांतीचा आहे. हा खेळच होता. पण ज्यांना ती मिळाली त्यांनी तो मनावर घेतला. ‘रिव्होल्यूशन समर’ हे नाव असं पडलं. ठरलं एवढंच, की प्रत्येकानं काहीतरी नवीन सुरू करायचं आणि जुन्या गर्दीची वाट पाहायची नाही.

आणि खरोखरच बँडची रांग लागली. मॅकायनं फेथच्या तीन माजी वादकांना घेऊन ‘एम्ब्रेस’ काढला आणि तो पहिल्यांदाच स्वतःच्या शंका, स्वतःचा राग उलटून पाहणारी गाणी गाऊ लागला. ‘बीफीटर’, ‘ग्रे मॅटर’, ‘डॅग नॅस्टी’, ‘लंचमीट’ हे सगळे याच उन्हाळ्याच्या आसपासचे. ‘मिशन इम्पॉसिबल’ या बँडमध्ये ड्रम वाजवणारा सोळा वर्षांचा डेव्ह ग्रोल पुढे ‘निर्वाणा’मध्ये गेला. मुली परतल्या, आणि परतल्या त्या फक्त श्रोता म्हणून नव्हे. पिकरिंग स्वतः पुढच्याच वर्षी ‘फायर पार्टी’ या केवळ मुलींच्या बँडची गायिका झाली.

मनाच्या तळाशी जाणारी ही मुलं बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून बसली होती असा समज होऊ शकतो. तसं नव्हतं. १९८४च्या नोव्हेंबरपासून वॉशिंग्टनमधल्या दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णभेदाविरुद्ध रोज निदर्शनं चालू होती. २१ जून १९८५ रोजी ही पंक मंडळी ढोल, डबे, बादल्या, जे हाताला लागेल ते घेऊन तिथे जमली आणि तासन् तास बडवत राहिली. वकिलातीच्या जवळ निदर्शनं करण्यावर निर्बंध होते, आवाजाला मात्र कोणी अडवू शकलं नाही. त्याच वर्षी मार्क अँडरसन आणि इतरांनी ‘पॉझिटिव्ह फोर्स’ ही संघटना उभी केली. बेघरांसाठी, दवाखान्यांसाठी निधी गोळा करणारे कार्यक्रम ती भरवत राहिली. आतला आणि बाहेरचा झगडा या मुलांच्या लेखी वेगळा नव्हता.

नाव ठेवायचं काम बाहेरच्यांनी केलं. या भावनिक हार्डकोअरला कोणीतरी ‘इमोकोअर’ म्हटलं आणि स्केटबोर्डिंगच्या ‘थ्रॅशर’ या मासिकात ते छापून आलं. मॅकायनं एम्ब्रेसच्या एका कार्यक्रमात मंचावरून त्याचा उल्लेख केला आणि इतकं मूर्ख नाव आपण ऐकलं नाही असं स्पष्ट सांगून टाकलं. पिचोटोनंही ते कधी मान्य केलं नाही. त्याचा मुद्दा साधा आहे: बॅड ब्रेन्सची गाणी भावनाशून्य होती का? मला तो पटतो. तरीही नाव चिकटलं.

राइट्स ऑफ स्प्रिंग १९८६च्या जानेवारीत थांबला. चार गाण्यांचं शेवटचं मुद्रण तेव्हाच झालं आणि ‘ऑल थ्रू अ लाइफ’ या नावानं ते १९८७मध्ये आलं. एम्ब्रेसही त्याच वसंतात मोडला. राइट्स ऑफ स्प्रिंगची गोष्ट एवढीच: जेमतेम दोन वर्षं, दोन तबकड्या, मोजके कार्यक्रम. पुढे तेच चौघं ‘हॅपी गो लिकी’ या नावानं पुन्हा एकत्र आले, पण जुनी गाणी त्यांनी वाजवली नाहीत. त्या बँडचा आवाज तुटक, ठेक्यावर उभा आणि टेपच्या प्रयोगांनी भरलेला होता. जे जमलं तेच पुन्हा करायचं नाही हा त्यांचा हट्ट मला या सगळ्या गोष्टीत फार मोलाचा वाटतो.

परिणाम दोन वाटांनी गेले. पहिली वाट सरळ आहे. मॅकाय आणि जो लॅली यांच्या नव्या बँडमध्ये कॅन्टी ड्रमवर आला आणि ‘फुगाझी’ तयार झाला. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजी झाला, मग पिचोटो येऊन मिळाला. राइट्स ऑफ स्प्रिंगमध्ये जन्मलेला चढउतार, मोकळ्या जागा, दोन गिटारांचा संवाद इथे शिस्तीत आला. आणि मारामारीचा प्रश्न त्यांनी आता व्यवहारात सोडवला. तिकीट शक्यतो पाच डॉलर, वयाची अट नाही, आणि कोणी धक्काबुक्की केली की वाजवणं थांबवून त्याला मंचावरून समजावायचं. ऐकलं नाही तर पाच डॉलर पाकिटात घालून हातात द्यायचे आणि दरवाजा दाखवायचा. अशी पाकिटं ते तयार ठेवत. हजाराहून जास्त कार्यक्रम त्यांनी असे केले. १९९१च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये आलेल्या ‘बिकिनी किल’सारख्या स्त्रीवादी बँडना मंचासमोरची जागा मुलींसाठी मागता आली, तीही या मेहनतीनंतर.

दुसरी वाट आवाजाची. तबकड्या हातोहाती गेल्या. शेजारच्या अॅनापोलिसमधल्या ‘मॉस आयकॉन’नं शांत कुजबुज आणि किंकाळी यांच्यातलं अंतर आणखी वाढवलं. १९९४मध्ये सिअॅटलच्या ‘सनी डे रिअल इस्टेट’ची ‘डायरी’ आली. तिच्यात हा आवाज गुळगुळीत, भव्य झाला. १९९९मध्ये इलिनॉयमधल्या ‘अमेरिकन फुटबॉल’नं ओरडणं जवळपास काढूनच टाकलं. वेगळ्या पद्धतीनं जुळवलेल्या तारा बोटांनी छेडत, विषम मात्रांमध्ये, मधूनच ट्रम्पेट घेऊन त्यांनी कॉलेज संपतानाचं एकटेपण मांडलं. मग बाजार आला. २००० नंतर मोठ्या कंपन्यांनी ‘इमो’ हे लेबल लावून बँड विकले, व्हिडिओ चॅनलवर ते दिवसरात्र वाजले, आणि आपल्या शहरांतल्या मुलांपर्यंत पोचला तो हा शेवटचा टप्पा.

याच काळात मुंबईत काय चाललं होतं? १९८४ हेच ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडच्या जन्माचं वर्ष. १९८६पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. वाजवणाऱ्यांच्या हातात कसब होतं, ऐकणाऱ्यांची गर्दी होती. पण बहुतेक गाणी परदेशी बँडची असत. रॉक मशीननं स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली ती १९८८मध्ये, आणि पुढे ‘इंडस क्रीड’ हे नाव घेऊन तो बँड आपला वेगळा आवाज शोधत राहिला. परदेशी वाद्यांवर जबर आयात कर होता, सरावाची जागा मिळणं कठीण होतं. पण मुंबईत मला मुख्य उणीव दिसते ती वेगळीच. शेजारच्या तळघरात स्वस्तात मुद्रण करून देणारा झिएन्टारा नव्हता आणि कागद कापून आवरणं चिकटवणारी कंपनी नव्हती. वॉशिंग्टनच्या पोरांना आधी ते मिळालं, म्हणून विशीच्या आत त्यांना आपला आवाज बदलण्याची मुभा होती. आजच्या मुलांकडे लॅपटॉपमध्ये स्टुडिओ आहे. मुंबई-पुण्यातले स्वतःची गाणी करणारे तरुण बँड त्यावरच उभे आहेत.

हे सगळं ऐकायला सुरुवात करायची असेल तर क्रम लावून ऐकावं. मायनर थ्रेटची १९८१ची पहिली छोटी तबकडी, मग फेथची ‘सब्जेक्ट टू चेंज’, मग राइट्स ऑफ स्प्रिंगची बारा गाणी आणि लगेच फुगाझीची १९८८ची पहिली तबकडी. चारही मिळून दोन तासांच्या आत होतात. सगळी मुद्रणं डिस्कॉर्डनं उपलब्ध ठेवली आहेत. ही कंपनी आजही वॉशिंग्टन परिसरातल्याच बँडचं संगीत काढते.